खतें जळालीं, हुकूमनामे राहिले

इ. स. १८७५ च्या मे महिन्यांत सुप्यास उसळलेला दंगा आमच्या नगर जिल्ह्यांतही पसरला. कुणब्यांनीं सावकारांचीं खतें जाळिलीं. परंतु न्यायालयांतील हुकूमनामे शाबूतच राहिले. त्यांपैकीं पुष्कळ एकतर्फी होते. प्रतिवादी हजरच नसे, व जमीन हातची जाऊं लागली म्हणजे त्याचे डोळे उघडत. पुढें १८७९ च्या कायद्यानें कर्जाचा मूळ हिशेब तपासण्याचा भार न्यायाधीशांवर टाकिला. आज संगमनेरच्या न्यायालयांतील घर खाली करण्याच्या दाव्याची तारीख व हुकूम ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर फुकट पाहतां येतात. पक्षकारास अर्ज करून थोड्या फींत सहीशिक्क्याची नक्कलही मिळते. ज्या कागदानें घर जातें, तो जो वेळींच वाचील त्यालाच तें राखण्याची आशा, असें आम्हांस वाटतें.