वही उघडी ठेवून परीक्षा: होशंगाबादचा धडा

विज्ञान प्रयोगातून शिकवावं, या म्हणण्याला सहसा कोणी विरोध करत नाही. तरी वर्गात ते फारसं घडत नाही. का? याचं एक उत्तर मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्याच्या इतिहासात मिळतं.

१९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तिथल्या १६ सरकारी शाळांत सहावी ते आठवीसाठी नवा विज्ञान कार्यक्रम सुरू केला. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल पूर्वी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. त्या संस्थेतले शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक गावातल्या शिक्षकांबरोबर बसून धडे तयार करू लागले. 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकात प्रश्न आणि प्रयोग असायचे. उत्तरं मुलांनी स्वतः करून, मोजून, आपसात चर्चा करून काढायची. मुलांना आणखी काही विचारायचं असेल तर 'सवालीराम' या काल्पनिक माणसाला पत्र लिहायचं! १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर पसरला. १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेने तो सांभाळला.

आता खरी मेख बघा. वर्षभर मुलं शोध घेणार आणि शेवटी पेपरात व्याख्या लिहायची असेल, तर शिक्षक काय करील? मार्चमध्ये व्याख्याच पाठ करून घेईल. त्याला दोष तरी कसा द्यायचा? म्हणून या मंडळींनी परीक्षाही बदलली, आणि सरकारने ती मान्य केली. आठवीच्या परीक्षेत पुस्तक आणि स्वतःची प्रयोगवही उघडी ठेवायची मुभा होती. शिवाय प्रात्यक्षिक परीक्षा वेगळी. समजा, पुढ्यात दहा पानं ठेवली आणि सांगितलं, गट पाडा, कशाच्या आधारावर पाडले ते लिहा. इथे कॉपी करून काय मिळणार? ज्याने वर्षभर वही मन लावून लिहिली, त्यालाच ती कामाला येणार.

पण ही मुभा आठवीपर्यंतच होती. नववीत गेलं की दहावीचा बोर्ड समोर. तिथला पेपर जुनाच. आपल्या मुलांचं पुढे कसं होणार, ही पालकांची काळजी म्हणूनच खोटी नव्हती.

२००२ मध्ये सरकारने हा कार्यक्रम बंद केला. त्या वेळी तो सुमारे हजार शाळांत पोचला होता. तीस वर्षं साध्या सरकारी शाळांतून, साध्या शिक्षकांनी तो चालवला, ही छोटी गोष्ट नाही. आपल्याशीही त्याचा एक धागा आहे: पुढे पुण्यात मुलांसाठी वैज्ञानिक खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये याच कार्यक्रमात गेले होते, आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे व आगकाड्या जोडून आकृत्या करायची त्यांची युक्ती तिथलीच.

तेव्हा एखादं नवं धोरण 'कृतीतून शिक्षण' म्हणालं, की आपण आधी एकच गोष्ट मागून घ्यावी: त्याची प्रश्नपत्रिका दाखवा.