ज्ञानप्रसारक सभेचे विद्यार्थी

मुंबईस विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. परंतु आपण इंग्रजीतून शिकलेले गणित व पदार्थविज्ञान आपल्याच भाषेत लोकांस सांगणे हे आपले कर्तव्य आहे, ही जाणीव मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयाच्या विद्यार्थ्यांस त्यापूर्वीच झाली होती, ही गोष्ट आपल्याकडे जितकी आदराने सांगितली जावयास हवी तितकी सांगितली जात नाही. १८४८ साली त्यांनी आपल्या अध्यापकांच्या साहाय्याने ‘स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापिली, आणि तिचे कामकाज इंग्रजीतच अडकून पडू नये म्हणून मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक सभा तिच्या शाखा म्हणून उभ्या केल्या. मराठी सभेचे अध्यक्षपद व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांजकडे होते. गुजराती शाखेत दादाभाई नौरोजी अग्रभागी होते व तेच पुढे एल्फिन्स्टनमध्ये गणित व पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. १८४९ साली सोसायटीच्या मंडळींनी मुलींच्या शाळाही काढल्या.

सभेत निबंध वाचावयाचे आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकातून ते मुलुखभर पोहोचवावयाचे, असा हा उद्योग होता. बाळशास्त्री जांभेकरांचे शिष्य आणि कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलेले केरो लक्ष्मण छत्रे यांनी हवा, कालज्ञान, भरतीओहोटी अशा विषयांवर निबंध लिहिले. यांतला भरतीओहोटीचाच विषय घ्या. पाण्याची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते हे मुंबईच्या कोळ्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक, आणि चंद्रही रोज साधारण तितक्याच विलंबाने माथ्यावर येतो हे आकाश पाहणारास ठाऊक. परंतु या दोहोंचा सांधा गुरुत्वाकर्षणाने जुळवून दाखविणे, अमावास्या-पौर्णिमेस उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती, का येतो हे उलगडणे, आणि एवढा प्रचंड सूर्य दूरत्वामुळे भरतीच्या कामी चंद्राच्या निम्म्यानेही का उपयोगी पडत नाही हे बीजगणित न शिकलेल्या वाचकास मराठीत पटविणे, यास विषयावर पुरी हुकमत लागते. विद्वत्तेची खरी कसोटी परीक्षेच्या दालनापेक्षा मला येथेच दिसते.

ते मासिक १८६७ पर्यंत चालले. आज विद्यापीठे पुष्कळ आहेत व गणिताचे पदवीधरही पुष्कळ आहेत. त्यांतील प्रत्येकाने वर्षाकाठी एक तरी विषय मराठीत लिहून आपल्या गावच्या वाचनालयात वाचून दाखवावा, अशी माझी त्यांस आग्रहाची विनंती आहे.