शाकारणी : पेठांतले वाडे कशाने पडले?

शाकारणी हा शब्द शहरी मराठीतून आता जवळजवळ गेला आहे. मृग लागायच्या आत छपरावर चढायचे, कौले चाळायची, फुटकी बाजूला काढायची, किडलेली रीप बदलायची, पन्हळीतला पाचोळा उपसायचा आणि सगळे पुन्हा नीट बसवायचे, या दरवर्षीच्या कामाला शाकारणी म्हणत. पुण्यातल्या वाड्यांचा इतिहास आपण बांधणाऱ्यांच्या नावाने लिहितो. वाडा कोणी, कोणत्या साली, कोणाच्या कारकिर्दीत बांधला, हे सांगतो. तो पुढे दीड-दोनशे वर्षे कोणी टिकवला, हे सहसा विचारत नाही. या प्रश्नाचा माग घेताना माझे एक मत झाले आहे. पेठांतले बहुतेक वाडे वय झाले म्हणून पडले नाहीत. शाकारणी कोणी करायची याचे उत्तर हरवले आणि मग ते पडू लागले.

आधी वाडा उभा कसा राही ते पाहू. खाली घडीव दगडाचे जोते. त्यावर तळखडे आणि तळखड्यांवर सागवानी खांब. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि पाट मिळून झालेला कडीपाट, त्यावर मातीची जमीन. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. घराचे मापही खणांतच सांगत. भिंती खालच्या बाजूला दगड-विटांच्या, वर बऱ्याचदा भेंड्यांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या. गिलावा चुन्याचा. चुना आधी विरवायचा, मग वाळू घालून घाणीत मळायचा. चांगल्या कामात त्यात गूळ, बेलफळ, हिरडा असे काहीबाही पडे. ही सगळी सामग्री एकमेकींना धरून होती. पावसाळ्यात भिंत थोडी ओल घेई आणि दसऱ्यानंतरच्या उन्हात ती बाहेर टाकी. चुन्याचा गिलावा या येण्याजाण्याला आडवा येत नसे.

या रचनेचे दोन शत्रू, वरून गळणारे पाणी आणि वाळवी. मातीची भिंत माथ्यावरून भिजली की आतून विरघळते. तुळईचे टोक भिंतीत पुरलेले असते, तिथे ओल राहिली की लाकूड कुजते, आणि कुजलेल्या ओल्या लाकडाकडे वाळवी आपोआप येते. म्हणजे फुटलेले एक कौल वेळेवर बदलले नाही तर चार-पाच पावसाळ्यांनी त्याची किंमत एका तुळईत मोजावी लागते. उलट बाजूही तितकीच खरी. या घराचा प्रत्येक अवयव सुटा बदलता येई. टेकू देऊन तुळई बदलता येई. खांबाचा पाय कुजला तर तेवढा कापून सुतार नवा जोड देई. वाडा एकदा बांधून संपत नसे, तो थोडाथोडा बांधला जातच असे.

हे काम पेशवाईत आणि नंतरही मालकाच्या घरातूनच होई. मालक तिथेच राहत होता, छप्पर त्याच्याच डोक्यावर होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यात शाळा, कचेऱ्या, छापखाने वाढले. शिकायला आणि नोकरीला आलेली बिऱ्हाडे वाड्यांतून राहू लागली. भाड्याच्या उत्पन्नातून छपराचा खर्च निघे. तोवर गणित जमत होते.

याच काळात आणखी एक बदल हळूहळू झाला, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. जुन्या वाड्यात पाणी खाली असे. हौद किंवा विहीर चौकात, धुणीभांडी दगडी फरशीवर. नळ आले, बिऱ्हाडे वाढली, आणि प्रत्येक बिऱ्हाडाला आपली मोरी हवी झाली. मोऱ्या वरच्या मजल्यावर, म्हणजे कडीपाटावर गेल्या. मोरीसाठी शहाबादी फरशी आणि कोबा आला, त्याचे वजन लाकडावर पडले. मोरीच्या कोपऱ्यातून पाझरणारे पाणी बारा महिने तुळईला लागू लागले. शाकारणीने वर्षातून एकदा भागत असे, तिथे आता रोजची देखभाल हवी होती.

नेमक्या त्याच वेळी देखभालीचा पैसा गोठला. दुसऱ्या महायुद्धात शहरांत माणसे लोटली, बांधकाम थांबले, भाडी कडाडली. त्यावर उपाय म्हणून मुंबई इलाख्यात भाडेनियंत्रणाचे कायदे आले आणि १९४७च्या कायद्याने त्यांना पक्के रूप दिले. साधारणपणे १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच ‘प्रमाणभाडे’ ठरले. घरपट्टी वाढली तर तेवढी वाढ मागता येई. मूळ भाडे मात्र तिथेच राहिले. हा कायदा नसता तर हजारो कुटुंबे रस्त्यावर आली असती, हे आधी मान्य केले पाहिजे. पण त्याच कायद्याने घर दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकावरच ठेवली होती. सागाचा भाव, सुताराची मजुरी, कौलांची किंमत दरवर्षी वाढत गेली आणि भाडे १९४०मध्ये थांबले. तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदती वाढवत पन्नास वर्षे चालला.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होता, हे मी घरातून पाहिले आहे. माझे बालपण सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खणांत गेले. आम्ही भाडेकरू. मालक तळमजल्यावर राहत, पण भाडे घेत नसत, कारण घेतले तर हक्क मान्य केल्यासारखे होईल असे त्यांना वाटे. म्हणून वडील दर महिन्याला पोस्टात जाऊन, एकाच दारातून येणाऱ्या-जाणाऱ्या मालकांना मनीऑर्डर करीत. पावसाळ्यात आमच्या खोलीचा एक कोपरा गळे. तिथे बादली ठेवायची, भरली की मोरीत ओतायची. छपरावर माणूस चढवायचा तर पैसे कोणी द्यायचे? मालक म्हणत, एवढ्या भाड्यात कौलसुद्धा येत नाही. वडील म्हणत, घर तुमचे आहे. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते आणि कोपरा गळत राहिला.

वाडे पडण्याचे कारण विचारले की पुणेकर हमखास पानशेतचे नाव घेतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. मातीच्या भिंती त्या पाण्यात अक्षरशः विरल्या. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. त्या दिवसाने पुण्याच्या मनात एक समज पक्का केला की मातीचे घर म्हणजे धोक्याचे घर. समज चुकीचा म्हणता येणार नाही, पण अपुरा आहे. पूर पेठांच्या एका भागात आला. वाडे मात्र पाणी न पोचलेल्या पेठांतही पुढची चाळीस वर्षे पडत राहिले. तिथे पाणी नदीतून आले नव्हते, छपरातून आणि मोरीतून येत होते.

या समजातून दुसरा अपाय झाला, सिमेंटचा. पैसे जमले की लोक भिंतीचा चुना खरवडून सिमेंटचा गिलावा करू लागले. बाहेरून भिंत टणक दिसे. पण सिमेंट ओलीला सहजी बाहेर पडू देत नाही. आत शिरलेले पाणी आतच राही, माती ढिली होई, भिंतीत पुरलेले लाकूड कुजे, आणि एके दिवशी गिलाव्याचा पापुद्रा मातीसकट खाली येई. दुरुस्ती झालीच नाही म्हणून काही वाडे गेले, तसे चुकीची दुरुस्ती झाली म्हणूनही काही गेले.

कोणीतरी जबाबदारी घेतली तर काय होते, याचे उदाहरण याच पेठांत आहे. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा १८७९च्या आगीत होरपळला, त्याचा काही भाग जळाला. तरी तो आजही सुरूच्या आकाराच्या कोरीव खांबांसह उभा आहे. कधी शिक्षणासाठी, कधी नगरपालिकेच्या कारभारासाठी तो वापरात राहिला, आणि वापरणाऱ्यानेच दुरुस्तीचा भार उचलला. मुंबईत सरकारने वेगळी वाट काढली. १९६९च्या कायद्याने इमारत दुरुस्ती मंडळ आले, जुन्या इमारतींवर उपकर बसला, आणि त्यातून दुरुस्ती व्हावी असे ठरले. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या. त्या मंडळाच्या कामाबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत, पण ‘पैसे कोणी द्यायचे’ या प्रश्नाला निदान काही उत्तर तरी होते. ती व्यवस्था मुंबई शहर बेटापुरतीच राहिली. पुण्याच्या वाट्याला महापालिका कायद्याचे २६४वे कलम आले, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची धोकादायक घराची नोटीस. त्या नोटिशीने घर रिकामे होते, शाकारले जात नाही.

गोठलेली भाडी न्याय्य राहिलेली नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७मध्ये सांगितले. नवा कायदा १९९९चा. तो ३१ मार्च २०००पासून लागू झाला आणि वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. पण चाळीसपन्नास रुपयांवर चार टक्के म्हणजे दोन रुपये. तोवर जमिनीचा भाव इतका वाढला होता, की पडलेला वाडा उभ्या वाड्यापेक्षा मालकालाही परवडत होता आणि बदल्यात सदनिका मिळणाऱ्या भाडेकरूलाही. आम्हालाही मिळाली.

आमचा वाडा उतरवला तेव्हा मी रोज तिथे जाऊन बसत असे. सुटे केलेले लाकूड जुन्या सागाच्या व्यापाऱ्याने लगेच उचलले. बहुतेक खांब ठोकल्यावर खणखणीत वाजत होते. दोन तुळयांची टोके तेवढी भुसा झाली होती. एक मोरीखालची, दुसरी आमच्या बादलीच्या वरची. दीडशे वर्षांच्या घराचे आजारपण तेवढेच होते.

उरलेल्या वाड्यांत आज राहणाऱ्यांना म्हणूनच दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. भांडण चालू ठेवायचे असेल तर ठेवा, पण कौलांचा खर्च वाटून घ्या. जमल्यास लेखी करा, म्हणजे त्याने कोणाचा हक्क बुडणार नाही. आणि भिंतीला हात लावण्याआधी चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधा. असे गवंडी कमी असले तरी संपलेले नाहीत. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या खर्चाच्या वह्या आहेत त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. त्यांत वैशाखातल्या कौलांचा, चुन्याचा, सुताराचा हिशेब असेल. या शहरातली घरे कोणी टिकवली, त्याचा कागद तोच आहे.