मुसळी (क्लोरोफायटम)

शतावरी कुलातील सपुष्प प्रजाती. बहुतेक जाती आफ्रिकेत. भारतातील विविधता प्रामुख्याने पश्चिम घाटात. सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम. हे नाव मुंबईच्या बोरिवलीवरून पडले. सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे फादर सांतापाव आणि आर. आर. फर्नांडिस यांनी १९५५ मध्ये या जातीचे वर्णन केले. उपनगराला मिळालेला हा मान फार थोड्या बोरिवलीकरांना ठाऊक असतो.

या जातींमधील नाते गुणसूत्रांवरूनही कळते. ती पाहण्यासाठी कोवळ्या मुळांची टोके खुडून, रंगवून काचपट्टीवर अलगद दाबतात. प्रजातीत गुणसूत्रांचे मूलांक (एका संचातील संख्या) ७ व ८ असे दोन आढळतात. सफेद मुसळीत १६ गुणसूत्रे, म्हणजे आठांचे दोन संच असतात. कुंडीत लावल्या जाणाऱ्या पट्टेरी स्पायडर प्लँटमध्ये (क्लो. कोमोसम) मात्र २८, म्हणजे सातांचे चार संच. यावरून उत्क्रांतीचे दोन मार्ग दिसतात: मूलांकातील बदल आणि संचांची वाढ, म्हणजेच बहुगुणितता. संख्या सारखी असलेल्या जाती ओळखताना गुणसूत्रांची लांबी व आकार उपयोगी पडतात.

पावसाळ्यात उपनगरांतील बाजारांत येणारी फोडशीची भाजी याच प्रजातीची. ती पाने खुडूनच काढावी. कंदासकट उपटल्यास पुढच्या पावसात तिथे रोप फुटत नाही.