नराणीपासून नेल आर्टपर्यंत

गटाच्या बैठकीत हल्ली कॉलेजच्या मुली आम्हाला विचारतात, "ताई, नेल टेक्निशियनचा कोर्स करावा का?" थोरल्या बाया हसतात, नखं रंगवून कुठं पोट भरतं, म्हणतात. म्हणून आज या कामाचा इतिहास सांगतो.

नांदेड-लातूरकडच्या गावांत नखं काढणं हे न्हाव्याचं काम. त्याच्या धोकटीत वस्तऱ्याशेजारी नराणी असायची. बारा बलुतेदारांत त्याचा मान होता, पण मोबदला म्हणजे सुगीत खळ्यावर मिळणारं धान्य. काम जन्मानं ठरलेलं, शिकायचं बापाकडून. कसब त्याचं, पण दर ठरवायचा हक्क त्याचा नव्हता.

पुढं बाटलीतला रंग आला. 1952 साली टाटांनी लॅक्मे सुरू केली आणि देशी नेलपॉलिश हळूहळू गावच्या जत्रेपर्यंत पोचलं. तिकडं अमेरिकेत दातांसाठी वापरायच्या ॲक्रिलिकपासून कृत्रिम नखं बनू लागली.

या धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट 1975 ची. व्हिएतनामचं युद्ध संपलं, निर्वासित बाया कॅलिफोर्नियातल्या छावणीत आल्या. भाषा येत नव्हती, हातात पैसा नव्हता. टिपी हेड्रन या अभिनेत्रीनं पाहिलं, की बायांना तिच्या नखांचं कौतुक वाटतंय. तिनं नखं करणारीला बोलावून वीस जणींना काम शिकवलं, परवानेही मिळवून दिले. त्यांनी बहिणींना, नात्यातल्यांना शिकवलं. आज अमेरिकेत हे काम करणाऱ्यांत जवळपास निम्मे लोक व्हिएतनामी वंशाचे आहेत.

आपल्याकडं 1982 मध्ये कर्नाटकात उजिरेला बँकांच्या मदतीनं रुडसेटी ही स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था निघाली. त्याच धर्तीवर पुढं जिल्ह्याजिल्ह्यांत आरसेटी आल्या. तिथं ब्युटी पार्लरचं प्रशिक्षण मोफत मिळतं. आता सरकारमान्य कौशल्य अभ्यासक्रमांत नेल टेक्निशियन हे वेगळं कामही आहे. जात विचारली जात नाही, शिकायची तयारी लागते.

पण मुलींनो, खाजगी क्लासची फी भरण्याआधी चार गोष्टी विचारा. प्रमाणपत्र कोण देणार? खऱ्या हातांवर सराव किती दिवस? अवजारं निर्जंतुक कशी करायची हे शिकवतात का? खोलीत हवा खेळती आहे का, मास्क देतात का? ॲक्रिलिकची भुकटी आणि द्रवाचा वास रोज छातीत गेला तर त्रास होतो. सामानाचा खर्च, गिऱ्हाईक आणि लग्नसराईनंतरचे रिकामे महिने, याचा हिशेब वहीत मांडून मगच कर्जाचा अर्ज गटासमोर ठेवा.

थोरल्या बायांना आमचं एवढंच सांगणं: बलुत्याचं धान्य दुसरा मोजून द्यायचा. या कामाचा दर तुमची लेक ठरवणार आहे. तिला हसू नका, वही लिहायला शिकवा.