लेकीच्या नोंदवह्या

मूल पहिल्यांदा केव्हा हसले, कोणत्या दिवशी आधाराविना उभे राहिले, कोणत्या वस्तूला कोणते नाव दिले, अशा घरगुती घडामोडी कागदावर उतरवण्याजोग्या आहेत ही समजूत फार जुनी नाही. आणि ते मूल मुलगी असेल, तर ही समजूत त्याहूनही अलीकडची आहे. फ्रान्सचा राजा तेरावा लुई १६०१ मध्ये जन्मला, तेव्हापासून १६२८ पर्यंत त्याचा वैद्य झाँ एरोआर याने त्याच्या खाण्यापिण्याची, झोपेची, खेळण्याची आणि हट्टाची जवळजवळ रोजची नोंद ठेवली, आणि बालपणाच्या इतिहासाचे अभ्यासक आजही तिचा आधार घेतात. परंतु ते मूल गादीचा वारस असल्यामुळे त्याची प्रकृती हा राज्याचा प्रश्न होता, आणि लिहिणारा मनुष्य बाप नसून चाकरीतला वैद्य होता. सामान्य घरातील आईबापांनी आपल्याच अपत्याकडे पाहून लिहिण्याची प्रथा त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी दिसू लागते. मारबुर्ग येथील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक डीट्रिख टीडमान यांनी १७८१ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाच्या वाढीची निरीक्षणे १७८७ मध्ये प्रसिद्ध केली, आणि पुढे ज्याला ‘बालचरित्र’ म्हटले गेले, म्हणजे एकाच मुलाच्या वाढीचा तारीखवार वृत्तांत, त्याचा हा आरंभ मानला जातो. टीडमान यांचे बाळ मुलगा होते.

मुलींचा प्रवेश या वाङ्मयात झाला तो अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये, १८३० नंतरच्या दशकात, आणि दोन्हीकडे त्यामागे विज्ञानापेक्षा धर्मभावना अधिक होती. शिक्षणसुधारक ब्रॉन्सन अल्कॉट यांची थोरली मुलगी ॲना मार्च १८३१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथे जन्मली, आणि तिच्या जन्मापासूनच त्यांनी तिच्या पहिल्या वर्षाची निरीक्षणे लिहायला घेतली. नोव्हेंबर १८३२ मध्ये झालेल्या लुइसाचीही भर त्यात पडली. मूल जगात येते ते दैवी अंश घेऊनच, अनुभवाने तो केवळ उलगडतो, असे मानणाऱ्या पंथाचे अल्कॉट हे अनुयायी होते, त्यामुळे पाळण्यातील बाळाचे निरीक्षण ही त्यांच्या दृष्टीने एक प्रकारची उपासना होती. ही उपासना अधूनमधून प्रयोगाचे रूप घेई: मुलींच्या दृष्टीस पडेल असे सफरचंद ठेवून, ते त्यांचे नव्हे असे समजावून, मोह आणि सदसद्विवेक यांतले कोण जिंकते हे बाप पाहत असे, आणि जिंकत असे बहुधा सफरचंद. हीच लुइसा पुढे ‘लिटल विमेन’ची लेखिका झाली, आणि १८६८ मध्ये निघालेल्या त्या कादंबरीत तिने याच घरातल्या बहिणींचे रोजचे जगणे आपल्या बाजूने लिहिले, ज्यात वडील बहुतेक वेळ घराबाहेरच असतात, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

इंग्लंडमधील नोंदवही याहून वेगळ्या जातीची आहे, आणि या सगळ्या वाङ्मयात तिच्या तोडीचे लेखन थोडे सापडते. कादंबरीकार म्हणून नावारूपाला येण्यापूर्वी एलिझाबेथ गॅस्केल या मँचेस्टरमधील एका युनिटेरियन धर्मोपदेशकाच्या पत्नी होत्या (युनिटेरियन म्हणजे त्रैक्याची कल्पना नाकारून एकाच ईश्वराला मानणारा ख्रिस्ती पंथ). त्यांचे पहिले अपत्य, एक मुलगी, १८३३ मध्ये मृतावस्थेतच जन्मले होते. सप्टेंबर १८३४ मध्ये मेरियन झाली, आणि ती सहा महिन्यांची असताना, मार्च १८३५ मध्ये, आईने वही उघडली. ती मेरियनसाठीच होती. गॅस्केल स्वतः तेरा महिन्यांच्या असताना त्यांची आई वारली होती, आणि लहानपणी आपण कशा होतो हे सांगणारे कोणी नसणे म्हणजे काय, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. आपण उद्या नसलो तर मुलीच्या हाती निदान हे कागद असावेत, हा हेतू वहीत उघडपणे मांडलेला आहे. नोंदी रोजच्या नाहीत, एकीपासून दुसरीपर्यंत पुष्कळदा महिने जातात, आणि त्यांत मूल रडले तर उचलावे की रडू द्यावे, ते चालायला उशीर का करते आहे, शिशुशाळेत पाठवावे की नाही, असे प्रश्न आहेत, जे आजही कोणत्याही घरात त्याच क्रमाने पडतात. त्यांच्या शेजारीच एक खास त्या काळची भीतीही आहे: आपण या मुलीत इतके गुंतलो आहोत की तिची मूर्तिपूजाच होईल आणि त्याबद्दल ईश्वर तिला हिरावून नेईल, अशी. अर्भकांचे मृत्यू नित्याचे असलेल्या शहरात ही भीती केवळ धार्मिक नव्हती. धाकटी मुलगी मेटा १८३७ मध्ये झाल्यावर तिचीही नोंद येऊ लागते, पण थोरलीच्या मानाने पाने कमी मिळतात, आणि १८३८ मध्ये वही संपते.

ही वही १९२३ मध्ये अवघ्या पन्नास प्रतींत खाजगीरीत्या छापली गेली. पुढे १९९६ मध्ये ती सोफिया हॉलंड या नात्यातल्या स्त्रीने त्याच सुमारास आपल्या मुलाबद्दल लिहिलेल्या वहीसोबत एकत्र प्रसिद्ध झाली. आणि या दोन वह्यांमधली बाळे, मेरियन गॅस्केल आणि थर्स्टन हॉलंड, १८६६ मध्ये एकमेकांशी विवाहबद्ध झाली होती, ही गोष्ट संपादकांना आयतीच मिळाली.

विज्ञानाने या प्रथेला आपल्याकडे ओढले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. फ्रेंच विचारवंत इपोलित तेन यांनी १८७६ मध्ये एका लहान मुलीच्या भाषाग्रहणाविषयी निबंध लिहिला; ती मुलगी त्यांचीच होती, मात्र निबंधात तिला नाव नाही. भिंतीवरच्या चित्रातील बाल येशूकडे बोट दाखवून ‘बेबे’, म्हणजे बाळ, असे तिला शिकवले, तर तिने घरातल्या चौकटबंद चित्रांना सरसकट तेच नाव देऊन टाकले, आणि तेन यांना त्यात मानवी मनाच्या सामान्यीकरणाची, म्हणजे एका वस्तूवरून वस्तूंच्या वर्गाकडे जाण्याची, पहिली पायरी दिसली. हा निबंध इंग्रजीत आला तेव्हा चार्ल्स डार्विन यांना आपली जुनी वही आठवली, आणि डिसेंबर १८३९ मध्ये जन्मलेल्या विल्यम या थोरल्या मुलाची निरीक्षणे सदतीस वर्षांनंतर, १८७७ मध्ये, लेखरूपाने प्रसिद्ध झाली. त्या लेखात मुली येतात त्या तुलनेपुरत्या: रागावलेला विल्यम हाती येईल ती वस्तू फेकून मारी, इतर काही मुलगेही तसेच करत, पण मुलींमध्ये ही खोड कधी दिसली नाही, तेव्हा फेकण्याची प्रवृत्ती मुलग्यांना वारशाने येत असावी, असा तर्क डार्विन यांनी केला. एका घरातल्या दिवाणखान्यावरून एवढा मोठा निष्कर्ष काढण्याचे धाडस त्यांनी आपल्या अभ्यासातल्या कबुतरांच्या बाबतीत केले नसते.

मात्र याच गृहस्थाने आपल्या मुलीविषयी दुसरेही एक टिपण लिहिले आहे आणि ते विज्ञानासाठी लिहिलेले नाही. ॲनी ही त्यांची मुलगी एप्रिल १८५१ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, माल्व्हर्न येथे वारली, आणि त्यानंतर आठवड्याभराने डार्विन यांनी तिच्या आठवणींची काही पाने लिहून ठेवली, पुढे आपल्यालाच विसर पडेल या धास्तीने. घराजवळच्या फिरण्याच्या वाटेवर आपण भराभर चालत असताना ती गिरक्या घेत पुढे पळे, ती किती आनंदी होती, मायेने कशी बिलगे, असे तपशील त्यांत आहेत. आणि तिचे एकमेव छायाचित्र, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटवलेली त्या काळची डॅगेरोटाइप प्रतिमा, तिच्यासारखे असले तरी चेहऱ्यावरचे भाव त्यात मुळीच आलेले नाहीत, अशी तक्रारही आहे. ती पाने डार्विन यांच्या हयातीत छापली गेली नाहीत. विल्यमच्या नोंदींची शास्त्रीय किंमत आज मुख्यतः ऐतिहासिक उरली आहे, आणि ॲनीवरची पाने मात्र त्यांचा प्रत्येक चरित्रकार उघडतो.

डार्विन यांच्या मुलांच्या वहीत त्यांच्या पत्नी एमा यांचेही हस्ताक्षर आहे, आणि हा मुद्दा एकूणच या इतिहासात दुर्लक्षिलेला आहे. मुखपृष्ठावर बापाचे नाव आणि आत आईची नजर, अशी या ग्रंथांची पुष्कळदा वाटणी दिसते. त्याला ठळक अपवाद तेव्हाच्या जर्मनीतील ब्रेस्लाउ येथील क्लारा आणि विल्यम स्टर्न या दांपत्याचा. हिल्डे ही मुलगी १९०० मध्ये, मुलगा ग्युंटर १९०२ मध्ये आणि धाकटी एफा १९०४ मध्ये जन्मली, आणि सुमारे अठरा वर्षांत या तिघांच्या नोंदींची पाच हजारांवर हस्तलिखित पाने साठली. विल्यम मानसशास्त्राचे प्राध्यापक होते, परंतु लेखनाचा मोठा भार क्लारा यांनी उचलला होता, आणि मुलांच्या भाषेवरील १९०७ च्या ग्रंथावर दोघांचीही नावे छापली गेली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात स्वित्झर्लंडच्या झाँ प्याजे यांनी जॅकलिन, ल्युसिएन आणि लोराँ या आपल्या अपत्यांच्या निरीक्षणांवर तीन ग्रंथ रचले, तेव्हा त्यांच्या पत्नी वालेंतीन शातने यांचा नोंदींतला वाटा मोठा होता. मुखपृष्ठावर तो दिसत नाही. प्याजे यांच्या ग्रंथांत मुलाचे वय अंकांत लिहिलेले असते, वर्षे, महिने आणि कंसात दिवस, असे; १;३(१२) म्हणजे एक वर्ष, तीन महिने, बारा दिवस. नेमक्या याच वयाच्या जॅकलिनला झालरीचे एक कापड दिसले, त्याची कड तिला आपल्या उशीसारखी वाटली, आणि ती अंगठा तोंडात घालून, डोळे मिचकावत, झोपल्याचे सोंग करत हसू लागली. कल्पनेच्या खेळाचा उगम म्हणून मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गेलेला हा क्षण मुळात एका घरातली गंमत होती. आल्फ्रेद बिने यांनी १९०३ च्या बुद्धिविषयक ग्रंथात आपल्या माद्लेन आणि आलिस या दोन मुलींना मार्गरीत आणि आर्मांद अशी टोपणनावे दिली. आपल्या मुलीचे मन छापील पानावर मांडताना तिची ओळख झाकावी, ही जाणीव त्या काळी क्वचितच कोणाला झालेली दिसते, आणि त्याबद्दल बिने यांना श्रेय द्यायला हवे.

एव्हाना शब्दांना प्रतिस्पर्धी आला होता. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्राँ काफेत ल्युमिएर बंधूंनी दाखवलेल्या दहा चित्रफितींपैकी एकीत थोरला भाऊ ओग्युस्त आणि त्याची पत्नी मार्गरीत आपल्या आंद्रे या तान्ह्या मुलीला भरवत आहेत. एका मिनिटाहूनही कमी लांबीची ही फीत चित्रपटाच्या इतिहासातील पहिली घरगुती नोंद ठरते. मुलगी हातातले बिस्किट कॅमेऱ्याच्या दिशेने पुढे करते, आणि मागे वाऱ्याने पाने हलतात, ज्यांचे त्या वेळच्या प्रेक्षकांना बाळाहूनही अधिक अप्रूप वाटले. ल्युमिएर यांचे यंत्र ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पोहोचले, आणि तेवीस वर्षांनी दादासाहेब फाळके यांनी ‘कालिया मर्दन’मध्ये बालकृष्णाच्या भूमिकेसाठी आपल्या मंदाकिनी या मुलीला उभे केले. कथा सुरू होण्यापूर्वी पडद्यावर ती मंदाकिनी म्हणूनच दिसते, एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणत, आणि मगच ती कृष्ण होते. हे चित्रण अभिनेत्रीची ओळख म्हणून केलेले असले, तरी बापाने जवळून टिपलेला लेकीचा चेहरा म्हणून महाराष्ट्रात त्याला जोड नाही. महाराष्ट्रात कागदावर उरत असे ते बहुधा जन्मटिपण, म्हणजे पत्रिकेसाठी घेतलेली जन्मवेळ; लेकीचे रूप, तिचे लाड, तिच्या सासरी जाण्याची हुरहूर ही जात्यावरच्या ओव्यांत राहिली. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आहेत, आणि त्यांत लेक हा विषय मोठा आहे, पण त्यांतली लेक तारखेशी बांधलेली नाही. एकीची ओवी दुसरीच्या लेकीलाही तशीच लागू पडते, आणि तेच तिचे बळ होते.

ध्वनिमुद्रणामुळे या प्रथेत एक फरक पडला, जो वही आणि कॅमेरा यांना साधला नव्हता: आईबापांना खोलीबाहेर जाता आले. जर्मन बाप आणि इंग्रजी बोलणारी आई यांच्या घरात वाढणाऱ्या हिल्डेगार्ड या आपल्याच मुलीच्या द्विभाषिक बोलण्यावर वेर्नर लिओपोल्ड यांनी १९३९ ते १९४९ या काळात चार खंड प्रसिद्ध केले, ते सर्व कानाने ऐकून हाताने उतरवलेल्या नोंदींवर. धाकटी कार्ला त्यांत बरीच कमी येते, आणि गॅस्केल यांच्या मेटाप्रमाणेच तिलाही दुसरेपणाचा फटका बसला. याउलट न्यूयॉर्कच्या कॅथरिन नेल्सन यांनी १९८९ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथातील एमिली ही मुलगी एकवीस ते छत्तीस महिन्यांची असताना तिच्या आईबापांनी झोपण्याच्या वेळी खोलीत टेपरेकॉर्डर चालू ठेवला, आणि ते निघून गेल्यावर ती अंधारात स्वतःशीच काय बोलते ते ध्वनिफितीवर आले. मोठ्यांशी बोलताना ती जी वाक्ये वापरी, त्यांहून या स्वगतांतली वाक्ये लांब आणि गुंतागुंतीची निघाली, ज्यामुळे त्या वयाच्या मुलांच्या भाषिक क्षमतेविषयीचे अंदाज बदलावे लागले. त्याच काळात तिच्या घरात धाकटा भाऊ जन्मला होता, आणि अशा मोठ्या घटनांविषयी ती बोलेल अशी अभ्यासकांची अपेक्षा होती. परंतु तिच्या स्वगतांत त्यांना फारच थोडी जागा मिळाली, आणि बहुतेक रात्री तिने पुन्हा पुन्हा लावून पाहिले ते एवढेच, की दुपारच्या झोपेनंतर आपल्याला न्यायला कोण येणार, उद्या कोठे जायचे आणि न्याहारी कोणासोबत करायची.