व्हिकुन्या आणि चाक्कू

पेरूच्या अँडीज पर्वतात साडेतीन हजार मीटरच्या वर ‘पुना’ नावाची गवताळ पठारे पसरली आहेत. दिवसा ऊन भाजून काढते, रात्री पाणी गोठते. तिथल्या थंडीत तग धरून राहणारा व्हिकुन्या हा उंटाच्या कुळातला सर्वांत लहान प्राणी. त्याला मदार नाही आणि वजन जेमतेम चाळीस-पन्नास किलो. त्याची लोकर मात्र जगातल्या सर्वांत तलम लोकरींपैकी एक. तंतूची जाडी १२-१३ मायक्रॉन. एका जनावरापासून दोन वर्षांतून एकदा पाव किलोच्या आसपासच लोकर मिळते. अँडीजमधली पाळीव आल्पाका याच जातीपासून उतरली, असे जनुकीय अभ्यास सांगतात. खुद्द व्हिकुन्या मात्र रानटीच राहिला.

इंका राज्यात या लोकरीचे वस्त्र राजघराण्यासाठी राखलेले असे. ती काढण्यासाठी ‘चाक्कू’ भरे. कुस्कोत जन्मलेला, इंका राजकन्येचा मुलगा गार्सिलासो दे ला वेगा याने १६०९ साली छापलेल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे. वीस-तीस हजार माणसे डोंगरभर पसरत, आरडाओरडा करत जनावरांना वेढत आणि वेढा आवळत आणत. व्हिकुन्याची लोकर कातरून त्याला सोडून देत. किती जनावरे सापडली याची नोंद ‘किपू’ म्हणजे गाठी मारलेल्या दोऱ्यांमध्ये ठेवत. मुलुखाचे चार भाग पाडलेले असत आणि एका भागाची पाळी चौथ्या वर्षीच येई. परवानगीवाचून शिकार करायला बंदी होती. या शिस्तीमागे प्राणिदयेपेक्षा राजाचा हक्क अधिक होता, पण जनावर जिवंत राहिले तरच पुढची लोकर मिळते हा हिशेब त्यात पक्का होता.

१५३२ नंतर स्पॅनिश सत्ता आली आणि तो हिशेब मोडला. बंदुकीने मारून कातडे सोलणे सोपे होते. पेरू स्वतंत्र झाल्यावर १८२५ च्या फेब्रुवारीत राष्ट्रचिन्हावर व्हिकुन्या, सिंकोना वृक्ष आणि नाण्यांनी भरलेले शिंग ही त्रयी आली. प्राणी, वनस्पती आणि खनिज या देशाच्या तीन संपत्तींची ती खूण. त्याच वर्षी जुलैत पेरूचा तेव्हाचा सत्ताधीश सिमोन बोलिव्हार याने कुस्कोतून व्हिकुन्या मारण्यावर बंदी घातली. बंदी कागदावरच राहिली. राष्ट्रचिन्हावरचे जनावर पठारावरून हटतच गेले आणि १९६० च्या दशकात पेरूत ते मोजक्या हजारांवर आले.

१९६७ साली आयाकुचो प्रांतात पाम्पा गालेरास हे राखीव क्षेत्र झाले. १९६९ मध्ये पेरू आणि बोलिव्हियाने ला पाझ येथे करार केला, पुढे शेजारी देशही त्यात आले. १९७५ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. कळप वाढू लागले. पण १९८० च्या दशकात याच आयाकुचोत ‘शायनिंग पाथ’ या माओवादी संघटनेचा सशस्त्र उठाव भडकला. राखणदार पांगले आणि चोरट्या शिकाऱ्यांना मोकळे रान मिळाले.

धोरण खऱ्या अर्थाने बदलले ते जनावरात स्थानिकांचा वाटा आल्यावर. १९८७ पासून काही कळपांच्या आणि १९९४ पासून पेरूतील सगळ्या कळपांच्या, जिवंतपणी कातरलेल्या लोकरीच्या व्यापाराला मुभा मिळाली. १९९५ च्या कायद्याने पठारावरच्या शेतकरी समाजांना त्या लोकरीच्या उत्पन्नाचा हक्क दिला. चाक्कू पुन्हा सुरू झाला. पाम्पा गालेरासला दरवर्षी २४ जूनच्या सुमारास रंगीत फिती लावलेल्या दोऱ्या धरून गावकरी जनावरांना कुंपणाकडे हाकतात. आता हातातल्या कात्रीबरोबर विजेवरची यंत्रेही असतात. २०१२ च्या मोजणीत पेरूत दोन लाखांहून अधिक व्हिकुन्या आढळले.

पैशांचा मामला मात्र तितका सरळ नाही. लोकर बहुतेक कच्चीच विकली जाते, कापड इटलीतल्या गिरण्यांत विणले जाते आणि एका कोटाच्या किमतीपुढे गावाच्या हाती येणारी रक्कम क्षुल्लक दिसते. चोरटी शिकार थांबलेली नाही आणि खरजेची साथ कळपांत पसरते तेव्हा चाक्कूत धरलेल्या आजारी जनावरांवर तिथेच औषधोपचार करावे लागतात.